घाटाचा दांडा

शहापूर
१३ ऑगस्ट २००६

चि. सौ. रंभा हिस,
अनेक आशीर्वाद.

तुमचा फोन दुकानात, आणि दुकानात अर्धी धसई बसलेली असते, म्हणून पत्र लिहिते आहे. शिवाय जे विचारायचं आहे ते मला तोंडाने विचारता आलं नसतं.

तुझ्या दादाने पडवीत एक पेटी बनवायला घेतली आहे. कपाटाएवढी उंच, व्हिडिओ गेमची, पार्लरमध्ये असायची तशी. कल्याणचं कुठलंसं पार्लर फार पूर्वी बंद पडलं. त्याच्या मालकाच्या माळ्यावर पडलेला मशीनच्या आतला बोर्ड हा शोधून घेऊन आला. त्या बोर्डात एकच खेळ आहे. मी म्हटलं, एवढा खटाटोप करायचा तर काँप्युटर घेऊ, त्यात पाहिजे तितके खेळ येतात. तर म्हणाला, "मला बाकीचे नकोत. मला घाट पायजे." खेळाचं खरं नाव त्यालाही माहीत नाही. काचेवरचं नाव म्हणे तेव्हाच खरवडून गेलं होतं. डोंगरावरून ट्रक उतरतो, वळणं येतात, वरून दगड सुटतात. माळशेजसारखं दिसतं म्हणून सगळे घाट म्हणायचे.

कारखान्यातून आला की हातपाय धुऊन पडवीत. प्लायवुड, जुन्या टीव्हीची पिक्चर ट्यूब, सनमायक्याचे तुकडे. आमची काजल शिकायला हॉस्टेलवर गेल्यापासून घरात आम्ही दोघंच, त्यातला एक पडवीत.

परवा ट्रक वळवायचा दांडा बसवला, तो डावीकडे. बटणं उजवीकडे. मी हौसेने खेळायला गेले तर ट्रक पहिल्याच वळणावर दरीत. मला डाव्या हाताने डब्याचं झाकण धड उघडता येत नाही. म्हटलं, दांडा उजवीकडे घे, घरात सगळे उजव्या हाताचेच आहोत. तो हसला. म्हणाला, "घाटाचा दांडा डावीकडंच." आणि मग स्वतःशी म्हणाल्यासारखं, "तिचा हात बघायला पायजे होता."

मी विचारलं, कोणाचा? तो म्हणाला, "कोणाचा नाय."

रंभा, तुझ्या लग्नाआधी दोन वर्षं तू कल्याणला त्याच्या खोलीवर राहून कॉलेज केलंस. मी तर नंतर आले. ती कोण होती?

मी बेचाळीस वर्षांची आहे, गणित शिकवते. पुराव्याशिवाय विधान करू नका, असं मुलींना सांगते. इथे पुरावा म्हणजे एक सर्वनाम. एवढ्यावरून नवऱ्याच्या बहिणीला पत्र लिहिणं शोभत नाही, हे कळतं. पण त्याने इतके दिवस खपून माझ्यासाठी काही बनवल्याचं मला आठवत नाही. स्वयंपाकघरातली फळीसुद्धा मी सुतार बोलावून लावून घेतली.

तुझी वहिनी,
अनिता


धसई
२२ ऑगस्ट २००६

ती. वयनीस,
रंभाचा सा. नमस्कार.

पत्र पोचलं. सासूबाईंनी विचारलं, काय म्हणते शहापूरवाली, तर मी सांगितलं गणपतीचं आमंत्रण आहे. आता खरोखरच एक आमंत्रण पाठवून द्या.

दादाला कोण मिळणार होती? तेव्हा तो इतका बारीक होता की शर्ट खुंटीला अडकवल्यासारखा दिसायचा. पार्लर होतं स्टेशनाजवळ, कामावरून येताना तो जायचा. मी आपली खोलीवर भात रांधायचे आणि अभ्यास करायचे. ते काय पोरीबाळींचं ठिकाण नव्हतं. तो कोणाचा हात म्हणाला ते त्यालाच ठाऊक. पुरुषमाणसं काय पण बोलतात, तुमी मनावर घेऊ नका.

तुमचा ट्रक पहिल्या वळणावर जातो म्हणजे तुमी ब्रेक दाबत असणार. पहिल्या वळणावर ब्रेक दाबायचाच नाय, दांडा नुसता अर्धा वळवायचा. तिसऱ्या वळणावर दगड डावीकडून येतो. तो दिसेपर्यंत थांबलात तर गेलात. त्याच्या आधी झाडावरून एक कावळा उडतो. कावळा उडाला की लगेच ब्रेक.

दांडा मात्र बदलायला सांगू नका. जुन्या मशीनची छेडछाड केली की ती बिघडते म्हणतात.

आणि दादाला सांगा, दुकानातल्या फोनवर मशीनचं काय बोलू नको.

तुमची,
रंभा


शहापूर
४ सप्टेंबर २००६

चि. सौ. रंभा हिस,
अनेक आशीर्वाद.

गौरीगणपती आटोपले. आमंत्रण पाठवलं होतं, पण तू आली नाहीस.

भात रांधणाऱ्या मुलीला तिसऱ्या वळणावरचा कावळा कसा माहीत? कावळा खरंच उडतो. मी ते वळण पार केलं, तेही हात एकमेकांवरून घेऊन, उजव्या हाताने डावीकडचा दांडा धरून. मनगट अजून दुखतं. पार झाल्यावर आनंद व्हायला हवा होता. माझ्या मनात आलं ते असं, की तिने हे किती सहज केलं असेल.

म्हणजे तू पार्लरमध्ये जात होतीस, ती तिथे असायची आणि तू तिला बघितलं आहेस. इतकं बारकाईने बघितलं आहेस की तिचा कावळासुद्धा तुला आठवतो. आणि आता तू तिला सांभाळून घेते आहेस. तुझ्यावर राग नाही असं लिहिणार होते. लिहून खोडलं. राग आहे.

गणपतीत सगळे गेल्यावर मी त्याला सांगितलं, दांडा उजवीकडे येईल नाहीतर पेटी पडवीतून जाईल. कारण सांगितलं नाही. त्यानेही विचारलं नाही, आणि हे मला जास्त लागलं. खाली मान घालून जेवला. दुसऱ्या दिवसापासून दांडा-बटणांची नवी फळी कापायला घेतली. काल बसवली. दांडा उजवीकडे, बटणं डावीकडे. मला हाक मारली, "बघ, आता बरोबर आलं का?" आवाजात राग नव्हता. मी म्हटलं, आलं. चौथ्या वळणापर्यंत गेले. भारनियमनाने वीज गेली नसती तर पुढेही गेले असते.

तिच्या हाताची जागा गेली, याचं मला समाधान आहे. रोजनिशीत मी लिहिलं, 'सोयीसाठी दांडा बदलून घेतला.' आज वाचलं आणि ते वाक्य खोडलं. खरं वाक्य अजून सुचलेलं नाही.

भाऊबीजेला ये. मशीन तोवर रंगवून तयार असेल.

अनिता


धसई
११ सप्टेंबर २००६

वयनी,

ती मी.

माझा डावा हात चालतो. लहानपणी जेवताना आई त्याला फडकं बांधून ठेवायची. शाळेत गुरुजी पेन्सिल काढून उजव्या हातात द्यायचे. कात्री घे, भात कापायचा विळा घे, या जगात सगळं तुमच्या हाताचं. कल्याणला दादाबरोबर त्या पार्लरात भीत भीत गेले आणि बघते तर प्रत्येक पेटीचा दांडा डावीकडं. पोरं वैतागायची, हात उलटेसुलटे करायची, तू करायचीस तशी. मला नुसतं जाऊन उभं राहायचं होतं. वयनी, कोणीतरी, कुठल्या देशात कोण जाणे, ती एक गोष्ट माझ्या हाताची बनवली होती.

मी घाटावर उभी राहिले की पोरं मागे गोळा व्हायची. "आली डावरी," म्हणायची. पण चिडवून नाय, जागा करून द्यायची. दादा माझी पिशवी खांद्याला लावून उभा. पाचवं वळण कोणाचंच झालं नव्हतं. माझं होणार होतं. तेवढ्यात लग्न ठरलं.

आईने बजावलं, सासरी डावा हात काढू नको, ताटात वाढताना तर मुळीच नाय. तेव्हापासून उजव्या हातानं वाढते. सासूबाईंना ठाऊक नाय. घरात कोणी नसलं की भाकर डाव्या हातानं थापते. ती जास्त गोल होते.

दादानं चैत्रातच सांगितलं होतं, पेटी बनवतोय, भाऊबीजेला ये आणि पाचवं वळण कर. अनिताला सांगू का म्हणून विचारलं. मीच नको म्हटलं. तू हसली असतीस म्हणून नाय. तुला कळलं असतं तर ते आमच्या दोघांचं राहिलं नसतं, म्हणून.

दांडा बदलू नको म्हणून लिहिलं होतं. आता तो तुझ्या हाताचा झाला. तुला दादा पण रोज आणि घाट पण रोज. खेळ. पाचव्या वळणाचं मला विचारू नको. मला ते ठाऊक नाय, आणि ठाऊक असतं तरी सांगितलं नसतं.

रंभा


शहापूर
२९ ऑक्टोबर २००६

प्रिय रंभा,

तुझ्या पत्राला दीड महिना उत्तर दिलं नाही. तू त्या पत्रात मला पहिल्यांदा 'तू' म्हणालीस. मी ते वाचलं, घडी घातली आणि तुझ्या दादाला काही सांगितलं नाही. भाऊबीजेपर्यंत फळी पुन्हा बदलून घ्यायला भरपूर वेळ होता. ती बदलायला मी सांगितलं नाही.

का, ते शोधायचा प्रयत्न केला. सापडलं ते चांगलं नाही. बाहेरची कोणी असती तर बरं झालं असतं. तिच्याशी मला भांडता आलं असतं, ती वाईट होती असं म्हणता आलं असतं, त्याने माफी मागितली असती आणि मी उदार झाले असते. तुझ्याबाबतीत मी काय म्हणू? भावाने बहिणीसाठी पेटी बनवली. यात तक्रार करायला जागाच नाही, आणि मला तक्रार आहे. तू त्याच्याकडे काही मागितलं नाहीस तरी तुझा हात त्याला इतकी वर्षं आठवतो. माझा कुठला हात कसा चालतो, हे त्याला सांगता येईल का? मी त्याला विचारलेलं नाही. उत्तर आलं नाही तर काय करू, म्हणून.

आणि मग भाऊबीज. तुझ्या सासूबाई, सकुबाई, तुझ्याबरोबर येतील असं मला वाटलं नव्हतं. ओवाळून झालं तशा सकुबाई म्हणाल्या, "ते डबडं कसलं केलंय वाल्मिकनं, बघू तरी." तुझ्या दादाने नवं बटण दाबून पेटी लावली. तू पुढे झालीस, दांडा कुठे आहे ते बघितलंस, आणि माझ्याकडे नाही, त्याच्याकडेही नाही, पडद्याकडेच बघत उजवा हात दांड्यावर ठेवलास. ट्रक पहिल्या वळणावर दरीत. पुन्हा दरीत. पुन्हा.

सकुबाई हसल्या. "आमच्या रंभाला नाय हां जमायचं. तिचा हात जडच हाय, वाढताना पण सांडते." तू पण हसलीस. म्हणालीस, "नाय बा जमत. वयनी, तू खेळ."

मी खेळले. तुला हे माहीत आहे, तू तिथेच होतीस, पण मला लिहायचं आहे. मी नको म्हणू शकले असते. मी खेळले आणि चांगली खेळले. चौथं वळण पार केलं, पाचव्यावर गेले. तू म्हणालीस, "वयनीचा हात चांगलाय." तुझा दादा पेटीमागे जाऊन वायर ठाकठीक करू लागला. वायरला काहीही झालेलं नव्हतं.

मला हवं होतं ते सगळं त्या मिनिटाला मिळालं होतं. पेटी माझ्या हाताची होती, सगळे माझ्याकडे बघत होते, आणि मला तुझा इतका हेवा वाटत होता की पडद्यावरचा रस्ता दिसेना. पाचव्यावर मी दगडाने मेले नाही. डोळे भरले होते म्हणून मेले.

दिवाळीआधी झाडलोट करताना मला जुनी फळी सापडली होती. पलंगाखाली, चादरीत गुंडाळलेली. त्याने फेकली नाही. तेव्हा ती चुलीत घालावी असं मनात आलं होतं. घातली नाही एवढंच.

आता ऐक. शनिवारी माझी शाळा सकाळची असते, बाराच्या आत मी घरी. तो संध्याकाळपर्यंत कारखान्यात. फळी चार स्क्रूंवर आहे, वायरी नुसत्या खोचलेल्या आहेत, मी सोडवून पाहिलं. शनिवारी दुपारी मी जुनी फळी लावून दांडा डावीकडे करीन. तू ये. येताना निमित्त काढ. तू गेलीस की फळी परत होती तशी. त्याला सांगायचं नाही.

हे मी तुझ्यासाठी करते आहे, की तुला त्याच्याकडून काढून घेण्यासाठी, ते मला अजून ठरवता आलेलं नाही. दोन्ही असावं. तुला चालत असेल तर ये.

अनिता


धसई
६ नोव्हेंबर २००६

वयनी,

येते. सासूबाईंना सांगितलं आहे, दाढ दुखते, शहापूरचा दातांचा डॉक्टर चांगला आहे. त्या म्हणाल्या, "काढून टाक एकदाची." मी म्हटलं, डॉक्टर म्हणतात वाचवू, पण पुन्हा पुन्हा यावं लागेल.

तुझं पत्र वाचून मला आधी बरं वाटलं, आणि बरं वाटलं ते तू रडलीस त्याचंच. मग जरा लाज वाटली. तू एवढं लिहिलंस म्हणून मी पण लिहिते.

माझी एक अट आहे. दोन्ही हात चालतील असं मधेच काहीतरी करू नको. दांडा डावीकडंच पायजे, पूर्वी होता तिथंच. आणि तू मागे उभी राहायचं नाय. मागची जागा दादाची. तू बाजूला स्टूल घेऊन बस.

दुसरी अट, मी खेळताना शिकवणीच्या बाईसारखं "शाबास" म्हणायचं नाय.

रंभा


शहापूर
२४ डिसेंबर २००६

प्रिय ताय,

तुला पत्र लिहायची माझी ही पहिलीच वेळ असंल. अनिता बाजारात गेली आहे, तोपर्यंत लिहून टाकतो.

मी स्क्रू पिळला की खाच उभी ठेवतो. चारी स्क्रूंच्या खाचा उभ्या, कारखान्यात पण, घरात पण. मागच्या रविवारी पेटी उघडायला गेलो तर दोन खाचा आडव्या, एक तिरकी. म्हटलं, उंदीर काय स्क्रू पिळत नाय. पलंगाखालची फळी बघितली तर सनमायका हाताच्या घामानं चिकट झालेला. शेजारच्या हिरीमावशी म्हणतात, तुझी बहीण दर शनिवारी येते, दोघी पडवीत काय हसत असतात. हिरीमावशीला ठाऊक, आणि मला नाय.

तुझी दाढ पण कळली. तुझ्या मालकांना फोन केला होता भाताच्या भावाचा, ते म्हणाले, रंभाच्या दाढेनं पाठ धरली आहे. मी कायसं बोलून वेळ मारून नेली. खोटं बोलायला लावलंस बघ.

ताय, ती पेटी मी बनवली. बोर्ड मी शोधला. पार्लरवाल्याकडं किती खेपा मारल्या ते मला विचार. दांडा तुझ्यासाठी डावीकडं केला, अनितासाठी उजवीकडं केला, एक शब्द बोललो नाय. भाऊबीजेला तू उजव्या हातानं खेळलीस, ते बघून मी दोन दिवस जेवलो नाय धड. आणि तुमी दोघी मला वगळून खेळता. माझं काय चुकलं ते तरी सांगा.

अनिताला मी काय बोललो नाय. परवा ती चहात साखर डाव्या हातानं ढवळत होती. मी म्हटलं, हे काय, तर म्हणते, "सवय करतेय." कशाची, ते सांगत नाय. मला बघून हसली, पण ते हसू माझ्यासाठी नव्हतं. मला ते बरं वाटलं नाय. पंधरा वर्षांत तिनं माझ्यासाठी कसली सवय बदलली नाय.

पाचवं वळण झालं का? तेवढं तरी सांग. झालं असंल आणि मी तिथं नव्हतो असं असंल, तर मात्र सांगू नको.

येत्या शनिवारी रजा टाकू म्हणतो. येऊ का?

तुझा दादा,
वाल्मिक


धसई
३० डिसेंबर २००६

दादा,

आज शहापूरला गेले नाय, तुझं पत्र आलं म्हणून. तू घरी असशील याची भीती वाटली.

पाचवं वळण अजून झालं नाय. माझं पण नाय आणि वयनीचं पण नाय. वयनी डाव्या हातानं शिकते. मी सांगितलं नव्हतं, तिनंच धरलं. पहिल्या वळणावर पडते आणि स्वतःला मार्क देते, तेही कमीच. मागच्या शनिवारी तिसऱ्यापर्यंत आली. मला वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू. माझ्या हाताचं तेवढंच होतं, त्यात पण ती आली. पण ती आली नसती तर मी कोणाबरोबर खेळले असते?

तुझं काय चुकलं नाय. तू नसतास तर मला घाट दिसला पण नसता.

तरी पण येऊ नको. तू आलास की वयनी चहा ठेवायला उठणार. ती उठली की मी पण तिच्या मागं आत जाणार, मला काय बसून राहता येणार आहे? मग चहा, मग पोहे, मग तू म्हणणार, बघू, मी जरा लावून बघतो. आमी दोघी दारात उभ्या राहून तुझा खेळ बघणार.

रविवार तुझा. शनिवार राहू दे आमाला. आणि खाचा आडव्या दिसल्या तर तशाच ठेव.

रंभा